दीड इंच

ज्याने आयुष्यात सायकलीपलीकडे कोणतेही वाहन दुरुस्त केले नाही, आणि सायकलीच्या बाबतीतही ज्याची मजल घसरलेली साखळी बसवण्यापुढे गेली नाही, अशा मराठीच्या मास्तराने दिवाळी अंकात मोटारीच्या स्प्रिंगांवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते आहे. पण गेल्या मे महिन्यात अक्काकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा तीन आठवड्यांपैकी जवळजवळ दोन आठवडे मी एका मोटारीच्या चाकाशी, हातात टेपचे एक टोक धरून, उकिडवा बसून काढले. राजवाडे आणि संग्रहालये पाहायची राहून गेली. पाहिला तो फक्त दीड इंच. तेव्हा प्रवासवर्णनाच्या जागी यंदा या दीड इंचाचीच हकीकत सांगतो.

ही मोटार दाजींची, म्हणजे अक्काच्या यजमानांची. दाजी पुण्यात कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या खोलीत, जिथे इतरांच्या भिंतीवर मारुती किंवा मधुबाला असे, तिथे एका उघड्या टपाच्या मोटारीचे मासिकातून कापलेले चित्र चिकटवलेले होते. पुढे ते इंग्लंडला गेले. चाळीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेबखात्यात मान खाली घालून बसले. घर झाले, मुलाचे शिक्षण झाले, अक्काचे एक मोठे आजारपण झाले. चित्र तेवढे घडी करून पाकिटात राहिले. सत्तरी ओलांडल्यावर एके दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता ती मोटार विकत घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने केलेला हा पहिलाच बेहिशेबी खर्च.

मोटार होती एमजीबी. एमजी ही अक्षरे २०१९ पासून आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसू लागली आहेत. मात्र त्या नावाचे मूळ ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅराजेस’ या दुकानात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिथे सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांना ऐटदार अंगे चढवून विकण्याचा उद्योग सुरू केला. पुढे या गाड्यांचा कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. एमजीबी तिथलीच. ती १९६२ साली बाजारात आली आणि १९८० साली, कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या. दोन माणसे बसतील एवढीच जागा, १७९८ सी.सी.चे इंजिन, पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे चक्क टांग्याला किंवा मालमोटारीला असतात तसे पोलादी पाटे. यंत्र म्हणून काही अजब नव्हे. पण तिचे मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा तोल असा काही साधला होता, की साध्या पगारदारालाही वळणावर मोटार चालवण्याचा आनंद काय असतो ते कळावे.

यातल्या बहुसंख्य गाड्या परदेशी जात, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. घोटाळा झाला तो तिथून. १९७३ सालापासून अमेरिकेने नवे नियम आणायला सुरुवात केली. ताशी पाच मैलांच्या वेगाने धडकली तरी गाडीच्या दिव्यांना इजा होता कामा नये, आणि बंपर ठराविक उंचीवर असले पाहिजेत. मोठ्या गाड्यांना हे जमण्यासारखे होते. एमजीबी मुळातच ठेंगणी. नवे अंग तयार करायला कंपनीजवळ ना पैसा होता, ना वेळ. म्हणून १९७४च्या उत्तरार्धात तिच्या तोंडावरचा चकचकीत लोखंडी बंपर जाऊन तिथे एक थोरला काळा, रबरासारखा दिसणारा बंपर आला, आणि सगळी गाडीच एक ते दीड इंचाने उंच करण्यात आली. एवढ्यावर भागले नाही. काटकसर म्हणून १९७५ सालच्या उघड्या गाड्यांतून पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. वळणावर गाडी कलू लागली की स्वतः पिळवटून तिला सावरून धरणारी ही पोलादी कांब. म्हणजे उंची वाढवली आणि त्याच वेळी आधाराची काठी काढून घेतली. जी गाडी वळणासाठी नावाजलेली, ती वळणावर कलंडल्यासारखी वागू लागली. कंपनीने पुढे मागे-पुढे दोन्हीकडे कांबी देऊन चूक बरीचशी निस्तरली, पण उंची गेली ती गेलीच.

या काळ्या बंपरच्या गाड्या आज जुन्यांपेक्षा स्वस्त मिळतात. दाजींनी घेतली ती १९७५ सालची. घरी आणून त्यांनी पाकिटातले चित्र काढले, गाडीशेजारी धरले, आणि त्यांचा चेहरा उतरला. चित्रातली गाडी रस्त्याला बिलगून धावत होती. दारातली गाडी चिखलातून चालताना धोतर वर खोचलेल्या माणसासारखी उभी होती.

भाच्याने ते पाहिले. तो कंप्युटरवाला, एकुलता एक, आणि बापाच्या चेहऱ्याची घडी ओळखणारा. त्याने मनाशी हिशेब मांडला : गाडी दीड इंच उंच झाली आहे, तेव्हा स्प्रिंग दीड इंच आखूड घालावी. मागच्या पाट्यांची कमानही तेवढीच कमी करून घ्यावी. साधी वजाबाकी. बापाच्या वाढदिवसाला त्याने तशा स्प्रिंगा मागवल्या आणि स्वतःच्या हाताने बसवल्या. पुढून गाडी अपेक्षेपेक्षा बरीच खाली गेली. पण दिसायला अशी देखणी दिसू लागली, की बापलेकांपैकी कुणालाच त्यात वावगे काही वाटले नाही.

दुसऱ्या रविवारी दाजी अक्काला घेऊन फिरायला निघाले. पाऊस पडून गेलेला होता. गावाबाहेर एक डावे वळण आहे आणि वळणातच रस्ता जरा खोल गेला आहे. वेग चाळीस मैलांचा, म्हणजे त्या रस्त्याला काही जास्त नव्हे. गाडीचे तोंड त्या खोलगटात उतरले, खालून ठक्क असा आवाज आला, आणि दाजी चक्र फिरवत असताना गाडी सरळच गेली ती समोरच्या काटेरी कुंपणात. देवाची कृपा, समोरून कुणी येत नव्हते. एका दिव्याची काच फुटली आणि अक्काच्या मनगटाला मुका मार बसला.

मी पोहोचलो तेव्हा या गोष्टीला महिना झाला होता. गाडी गॅरेजात झाकलेली होती आणि घरात तिचे नाव कुणी काढत नव्हते. दाजी ती विकणार होते. “म्हातारचळ होता, संपला,” एवढेच ते म्हणाले. भाचा शनिवार-रविवारी घरी येई आणि बापाच्या समोर बसणे टाळी. अपघात बापाच्या हातून झाला असला तरी तो आपल्यामुळे झाला हे त्याला कळून चुकले होते. पण नेमके काय चुकले ते कळल्याशिवाय त्याला चैन नव्हते. पहिल्याच शनिवारी त्याने मला गॅरेजात बोलावले आणि टेप हातात दिली.

“मामा, तू हे टोक धर. माझं गणित चुकलं नव्हतं रे. प्रश्नच चुकीचा मांडला होता.”

पुढच्या पंधरा दिवसांत त्याने मला जे समजावले, ते मास्तरकीच्या सवयीने जरा उजळणी करून सांगतो.

पहिली गोष्ट दाराची. आपल्या घरातले दार कडेला न ढकलता मधोमध ढकलून पाहा. हात एक वीत सरकला की दाराची कड दोन विती सरकते, आणि जोरही दुप्पट लागतो. मोटारीचे पुढचे चाक अशाच एका लोखंडी हाताच्या टोकाला असते. हाताचे दुसरे टोक बिजागरीवर, आणि स्प्रिंग चाकापासून बरीच आत, या गाडीत तर जवळजवळ मधोमध. म्हणजे स्प्रिंग दीड इंच आखूड केली की चाकापाशी गाडी तीन इंचांच्या आसपास खाली येणार. भाच्याने काढायचा होता दीड इंच, निघाले जवळजवळ तीन.

याच दाराचा आणखी एक हिशेब आहे. स्प्रिंग मधोमध असेल तर चाकाला तिचा ताठपणा निम्मा जाणवत नाही, पावच जाणवतो. कारण जोर निम्मा पोहोचतो आणि हालचालही निम्मीच होते. निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव. दुकानदाराच्या यादीत स्प्रिंगेचा जो ताठपणा छापलेला असतो तो स्प्रिंगेचा. आपल्या चाकाचा किती, हे ज्याचे त्याने काढायचे.

दुसरी गोष्ट जागेची. उंची ही आपल्याला बाहेरून दिसते, म्हणून आपण तिला शोभेची वस्तू समजतो. वास्तविक ती चाकाला वर यायला ठेवलेली जागा आहे. खड्डा, उंचवटा, वळणावर बाहेरच्या चाकावर पडणारा भार, हे सगळे त्या जागेत मावले पाहिजे. जागा संपते तिथे एक रबरी ठोकळा असतो. चाकाचा हात त्याला टेकला की स्प्रिंग असून नसल्यासारखी होते आणि त्या चाकावर एकदम फार मोठा भार येतो. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीहून कमीच वाढते. म्हणून वळणात पुढचा ठोकळा ठेकला की पुढची चाके घसरतात आणि गाडी सरळ जाते. भाच्याने दाखवले : ठोकळा आणि हात यांच्यामध्ये माझे एक बोट जेमतेम जात होते. त्या दिवशी ऐकू आलेला ठक्क तो हाच.

“मग स्प्रिंग ताठ करायची,” मी म्हणालो. “म्हणजे ती इतकी दबणारच नाही.”

“बरोबर. म्हणूनच खाली बसवलेल्या गाडीला थोडी ताठ स्प्रिंग लागतेच. पण ताठ स्प्रिंग घातली की गाडी उंच होते.”

मी चक्रावलो. त्याने कागद घेतला. समजा, गाडीच्या वजनाने स्प्रिंग १० सेंटिमीटर दबते. तिच्या जागी सव्वापट ताठ घातली तर तेवढ्याच वजनाने ती ८ सेंटिमीटरच दबेल. म्हणजे स्प्रिंगेपाशी गाडी दोन सेंटिमीटर वर, आणि दाराच्या न्यायाने चाकापाशी चार. उतरवायला निघालो आणि चढवून बसलो! तेव्हा क्रम असा : आधी उंची ठरवायची, मग ताठपणा, आणि शेवटी या दोहोंवरून स्प्रिंगेची मोकळी लांबी काढायची. भाच्याने लांबीपासून सुरुवात केली होती.

ताठपणा कशाने येतो, हेही मला तेव्हाच कळले. तारेच्या जाडीचा प्रभाव भयंकर. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ मिलिमीटरची घेतली, तर बाकी सारे तेच असूनही स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्क्यांनी ताठ होते. वेढे कमी केले तरीही ताठपणा वाढतो. आठांतला एक वेढा कापला तर सातावा हिस्सा वाढला. आपल्याकडे काही गॅरेजांतून करवतीने वेढा कापून गाडी ‘बसवून’ देतात, ती याच जोरावर. पण नुसता एक वेढा कापून उंची जेवढी जाते तेवढा ताठपणा काही येत नाही. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लोंबले की स्प्रिंग जागची हलू शकते. जाळाने तापवून स्प्रिंग बसवणे तर त्याहून वाईट. पोलादाला जे पाणी दिलेले असते तेच उतरून जाते.

तिसरी गोष्ट लयीची. हा माझा प्रांत, म्हणून मी कान टवकारले. स्प्रिंगेवरची प्रत्येक गाडी आपल्या ठराविक लयीत वरखाली होते, आणि ती लय गाडीच्या वजनाने चाकापाशी स्प्रिंग किती दबते यावरून निघते. २५ सेंटिमीटर दबली तर मिनिटाला ६० हेलकावे, ११ सेंटिमीटर दबली तर ९०, आणि साधारण ६ दबली तर १२०. घरगुती मोटारी सामान्यतः ६० आणि ९० यांच्या मधल्या लयीत डोलतात. आपल्या चालण्याच्या लयीपासून ती फार दूर नाही, म्हणून अंगाला सोसते. वळणांच्या हौसेच्या गाड्या ९० ते १२०च्या घरात असतात. त्यापलीकडे गेले की रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीच्या मणक्यांना कळतो.

त्यातही मागची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवावी, असा एक जुना नियम आहे. रोल्स-रॉइस आणि नंतर जनरल मोटर्स इथे काम केलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात तो मांडला. उंचवट्यावर आधी पुढचे चाक चढते, मागाहून मागचे. या गाडीच्या दोन चाकांतले अंतर ९१ इंच. चाळीस मैलांच्या वेगाला मागचे चाक सुमारे एक-अष्टमांश सेकंद उशिरा चढते. मागची लय थोडी जलद असली तर उशिरा सुरू करूनही मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही बरोबरीने शांत होतात. नाहीतर गाडी झोपाळ्यासारखी मागेपुढे डुलत राहते. लहानपणी बैलगाडीत मागे बसून मळमळले असेल, त्यांना हे अधिक सांगायला नको.

आता उंची उतरवल्याने मिळते काय, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जातो हे गाडीचे वजन, वेग, वळणाचा आकार, दोन चाकांमधली रुंदी आणि गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. स्प्रिंगांवर नव्हे. स्प्रिंगा आणि त्या पिळवटणाऱ्या कांबी फक्त तो भार पुढे किती घ्यायचा आणि मागे किती, याची वाटणी करतात. गुरुत्वमध्य जमिनीपासून वीस इंचांवर धरला, तर गाडी एक इंच उतरवून लाभ शेकडा पाचाचा. लाभ आहे, पण माणसे त्यासाठी जेवढा आटापिटा करतात तेवढा मोठा नाही.

आणि ताठ म्हणजे चांगली, हाही भ्रमच. ज्या १९६२ साली एमजीबी आली त्याच वर्षी कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीची एलान ही गाडी आली. वळणावर तिच्या तोडीची गाडी त्या काळी शोधून काढावी लागे. तिच्या स्प्रिंगा होत्या मऊ. मात्र चाकाला वरखाली जायला भरपूर जागा, आणि हेलकावा वेळच्या वेळी थोपवणारे उत्तम शॉक-ॲब्झॉर्बर. चाक जेवढा वेळ रस्त्याला धरून राहील तेवढीच गाडी आपल्या हातात असते, हे त्यामागचे साधे तत्त्व.

हे सगळे ऐकून झाल्यावर मी म्हणालो, “मग आता दारापाशी दीड इंच उतरेल अशी नेमकी स्प्रिंग काढ. झालं!”

भाच्याने मान हलवली. कंपनीने पुढची बाजू उंच केली होती ती स्प्रिंग बदलून नव्हे. चाकांचे हात ज्या आडव्या लोखंडी तुळईवर बसतात तिच्यातच बदल केला होता. त्यामुळे हातांचा कल पूर्वीसारखाच राहिला, अंग तेवढे वर गेले. आता तेच अंग स्प्रिंग आखूड करून खाली ओढले तर हातांचा कल बिघडतो. तो एका मर्यादेपलीकडे बिघडला की गाडी खाली येऊनही वळणावर अधिक कलते, आणि उंचवट्यावर चाके आपोआप थोडी वळू लागतात. पूर्ण दीड इंच हवा असेल तर तुळईच जुन्या घडणीची घालावी लागेल. टेपवर आकडा तोच आला तरी उंची तीच नव्हे.

इथे गाडे अडले. तुळई बदलणे म्हणजे अर्धी गाडी सोडणे. दाजी तर गॅरेजात यायलाच तयार नव्हते. शेवटी एका संध्याकाळी चहाच्या वेळी अक्काच बोलली. तिचे मनगट अजून पट्टीत होते.

“अहो, गाडी विकायची ती खुशाल विका. पण आधी मला सांगा, ही गाडी जायची होती कुठे?”

दाजी गप्प.

“मी सांगते. मंगळवारी बाजारात. वाटेत वेग कमी करायचे तीन उंचवटे. रविवारी नदीकाठी, तो रस्ता खड्ड्यांचा. आणि वर्षातून एकदा समुद्रावर. शर्यतीला तर नाही ना जायची? मग तेवढ्यापुरती ती नीट कर की रे,” हे भाच्याला. “आणि यांचे गुडघे बघ. त्या दिवशी खाली बसवलेल्या गाडीतून यांना बाहेर काढायला मी हात देत होते.”

पंधरा दिवस आम्ही टेप आणि कागद घेऊन जे शोधत होतो, ते तिने एका दमात मांडून ठेवले. आधी रस्ता, मग उंची, मग स्प्रिंग. दाजी बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एक इंच. एकच इंच उतरव. अर्धा माझ्या गुडघ्यांना राहू दे.” आणि महिन्यानंतर प्रथमच ते मुलाबरोबर गॅरेजात गेले.

मग हिशेबनीस कामाला लागला. उंची जमिनीपासून मोजायची नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डाच्या कडेपर्यंत मोजायची. पेट्रोलची टाकी भरलेली, चालकाच्या जागी चालकाच्या वजनाइतके ओझे. चारही आकडे दाजींनी सुवाच्य अक्षरात वहीत मांडले, तेव्हा कळले की उजवी मागची बाजू पाव इंच बसलेली आहे. पन्नास वर्षे चालक त्याच बाजूला बसत आला होता. म्हणून मागे पाट्यांचे दोन्ही संच नवे घेतले. पुढे मूळच्यापेक्षा थोड्या ताठ, चाकापाशी एक इंच उतरतील अशा स्प्रिंगा घेतल्या. काढून टाकलेली ती कांब पुढच्या बाजूला परत आली. शॉक-ॲब्झॉर्बर दुरुस्त करून आणले, कारण ताठ स्प्रिंग जोराने उसळते, तिला आवरणाराही तितका खंबीर लागतो. स्प्रिंगेचा ताठपणा ४० टक्क्यांनी वाढवला तर आवरण्याची ताकद सुमारे १८ टक्क्यांनी वाढवावी लागते, हा आकडा दाजींनी स्वतः वर्गमूळ काढून ताडून पाहिला.

बसवण्याचे काम या वेळी बापलेकांनी एका जाणत्या मेस्त्रीकडून करून घेतले. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. तिथे हौस कामाची नाही. मेस्त्रीने दोन गोष्टी सांगितल्या, त्या कोणत्याही गाडीला लागू आहेत. एक, सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि उंची फसवी दिसते. दोन, उंची बदलली की चाकांची सरळ रेघ आणि दिव्यांचा झोत दोन्ही पुन्हा तपासायचे. झोत वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी गाडी घरी आली. वहीत आकडे लिहिले गेले : पुढे दोन्हीकडे एक इंच, मागे डावीकडे एक इंच, उजवीकडे एक इंचाला सुताएवढे कमी. ठोकळा आणि हात यांच्यामध्ये आता माझी चार बोटे जात होती. दाजी एकटेच त्या वळणावर जाऊन आले. आधी वीस मैलांनी, मग तीस, मग चाळीस. परत आल्यावर काही बोलले नाहीत, फक्त अक्कासाठी दार उघडून उभे राहिले. अक्काने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि पदर खोचून आत बसली.

त्यांना जाऊन तासभर झाला तरी भाचा फाटकाशीच उभा होता. शेवटी लांबून ती गाडी दिसली. वळणावर किंचित कलली, सरळ झाली, आणि दारात येऊन थांबली. दाजींनी पाकिटातून चित्र काढून तिच्याशेजारी धरले आणि डोळे बारीक करून पाहिले.

“अर्धा इंच उंचच आहे,” ते म्हणाले. मग चित्राची घडी करून पाकिटात ठेवली, आणि अक्काने पुढे केलेला हात न धरता, आपले आपण बाहेर आले.